आगगाडी उचलणाऱ्याला दार उघडेना

त्या दुष्काळी उन्हाळ्यात जळकोटला टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. मधल्या रिकाम्या दुपारी मी आणि माझी मोठी बहीण जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळायचो. शेजारच्या खोलीत आईच्या शिकवण्या चालायच्या, म्हणून आवाज बंद ठेवून.

उदगीरला पाहिलेल्या एका सिनेमावरचा गेम ताईनं मैत्रिणीकडून आणला होता. सिनेमातला नायक पुलावरून घसरणारी आगगाडी हातांनी उचलून धरतो. गेममध्ये मात्र पहिल्याच घराचं लाकडी दार त्याला उघडेना. लाथा घातल्या, धडका दिल्या, काही नाही.

"आगगाडी उचलणारा गडी दाराला भिऊन राहिला!" मी वैतागले.

"सगळी दारं फोडली तर गेम दोन मिनिटांत संपंल की," ताई म्हणाली.

मला ते पटेना. सिनेमात एक ताकद आणि गेममध्ये दुसरी, ही शुद्ध फसवणूक वाटत होती.

पप्पा तहसीलमध्ये कारकून. उदगीर जिल्हा होणार, ही चर्चा तेव्हा त्यांच्या ऑफिसात रोज चालायची. त्याच्याच एका बैठकीला ते उदगीरला निघाले, तेव्हा आम्हीही सोबत गेलो आणि बैठक संपल्यावर तोच सिनेमा दाखवायला त्यांना ओढतच थिएटरात नेलं. जन्मभर नियम वाचलेला माणूस. मध्यंतरात म्हणाले, "ह्याला सुरुवातीला कोठडीत डांबलं, तवा गज का न्हाई वाकवले?"

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग पप्पांनीच उलगडा केला, "एकटाच होता ना. दुसरं कुणी संकटात असलं तरच त्याचा जोर चालतो. सोतासाठी न्हाई."

घरी येताच कॉम्प्युटर लावला. शिकवणी नव्हती, म्हणून आवाजही सोडला. त्या दाराजवळ गेलो तर आतून एक म्हातारी हाका मारत होती! ताईनं हाकेला ओ देण्याचं बटण दाबलं आणि मग एक धक्का दिला. दार चौकटीसकट आत पडलं.

"पप्पा, बरोबर हाय तुमचं!" मी ओरडले. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही झाला नव्हता.

पप्पांनी खुर्ची ओढली. "सरक. मला दाव कसं खेळायचं ते."

उदगीर काही जिल्हा झालं नाही. पप्पा मात्र पाऊस पडेपर्यंत चौथ्या टप्प्यावर पोचले होते.