अनंताच्या ताटलीतलं पाणी

अनंताचं पहिलं पान पिवळं पडलं तेव्हा मी ते हळूच खुडलं, मुठीत लपवलं आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात कांद्याच्या सालांखाली दडपलं. आबांच्या नजरेला पडायला नको, एवढंच डोक्यात होतं. आबा हॉलमध्येच बसले होते, सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखे. तीन महिने झाले तरी माझे वडील माझ्या घरात तसेच बसत.

आई गेली आणि आबा गावाला एकटे पडले. पुढच्याच पावसाळ्यात मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, पायरीवरून घसरले, ते दूध घालणाऱ्या बाईला दिसेपर्यंत तसेच पडून होते. चार तास! मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी, तोही शेजाऱ्याचा. लेकीला कळवायलाच आबांची ना, "चेडवाक कळवू नको, कामार असतला." त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. शेवटी मी नवऱ्याच्या मागे लागले, व्हिजिट व्हिसा काढायला लावला आणि आबांना मस्कतला, आमच्या दार्सैतच्या फ्लॅटवर आणलं. परत पाठवायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांनी बॅगेतून आणलं काय, तर सोलकढीसाठी आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, दोन मोठ्या बाटल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं अनंताचं कलम. आईने लावलेल्या झाडावर त्यांनी स्वतः बांधलेली गुटी. आबांनी जन्मभर हेच केलं, लोकांच्या बागांत जाऊन कलमं बांधली. उरल्या वेळात खाडीकाठच्या आमच्या इवल्याशा शेताचा बांध लिंपत राहिले, कारण बांध फुटला की भरतीचं पाणी आत शिरतं आणि दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही.

मे महिन्यात कलमावर सहा कळ्या दिसल्या. व्हिसा एकदा वाढवून झाला होता, दीड महिना उरला होता. मी राहण्याच्या व्हिसाचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. आबांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केले, मग कुंडीकडे बघितलं.

"हेका फूल इला तर सही करतंय," म्हणाले. "नाय तर माका गावाक धाड."

"ठरलं!" मी म्हणाले. मला वाटलं, जिंकले. सहा कळ्या आहेत, एक तरी फुलेल की. आणि मी कोण? पाण्याच्या प्रयोगशाळेतली केमिस्ट. दिवसभर कोणाच्या टाकीचं, कोणाच्या विहिरीचं पाणी मोजणारी बाई. एक कुंडी मला सांभाळता येणार नाही?

बाहेर ठेवायची सोय नव्हती. बाल्कनीत दुपारी कठड्याला हात लावला तर चटका बसायचा. म्हणून कुंडी हॉलमध्ये, खिडकीशी, वर झाडांसाठीचा दिवा टांगलेला, एसीचा झोत लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. नवरा म्हणाला, "अगं, हा आयसीयू झाला." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहाचा कप घेऊन आत गेला.

तर पानं. नवीन, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे तर पुस्तकातलं चित्र होतं. अनंताला आंबट माती लागते. आमच्या तांबड्या मातीत तो न विचारता फुलतो. इथल्या नर्सरीच्या मातीत चुना, आणि नळाच्या पाण्याचा पीएच आठाच्या वर. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. मी प्रयोगशाळेतून छोटा पीएच मीटर घरी आणला. कुंडीला पाणी घालायचं, खालच्या ताटलीत निथळलेलं वाटीत घ्यायचं, त्यात मीटर बुडवायचा. पहिला आकडा आला सात पूर्णांक नऊ दशांश. मला हवा होता सहा.

मग सुरू झाला माझा कारखाना. बादलीत सायट्रिक ॲसिड चिमटीने टाकायचं, ढवळायचं, मोजायचं. झाडाला चालणाऱ्या लोहाची पूड आणली. ती पाण्यात टाकली की पाणी लालसर होतं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी कुंडीपुढे उकिडवी. आणि तोंडाचा पट्टा चालू. "आबा, हे बघा, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी, नवी पडली तर लोह कमी. आणि नुसतं खत ओतून उपयोग नाही, पीएच चुकला तर सगळं वाया." ज्या माणसाच्या हातची कलमं निम्म्या तालुक्यात उभी आहेत, त्याला मी पान म्हणजे काय ते शिकवत होते. आबा "हूं" म्हणायचे. ताटातला भात अर्धा टाकून उठायचे, तेव्हाही तेवढंच, "हूं, पुरे." संध्याकाळी कृष्णाच्या देवळापर्यंत चालत जायचे आणि आले की पुन्हा सोफ्याची कड. माझी दहा वर्षांची लेक त्यांच्याशी मराठीत दोन वाक्यं बोलायची, अडखळायची आणि इंग्रजीत सॉरी म्हणून पळायची.

दोन आठवड्यांत पीएच सहावर आला. मी वहीत आकडा लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली. नवी पानं हिरवी यायला लागली. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

आणि मग एक कळी गळाली.

दुसऱ्या दिवशी जुन्या पानांची टोकं तपकिरी दिसली, करपल्यासारखी. मग कडा. पीएच मोजला, साडेपाच. ॲसिड जास्त झालं वाटतं, म्हणून बंद केलं. तीन दिवसांनी पुन्हा साडेपाच. अरे, मी काहीच घालत नाही तर हा खाली कसा राहतो? मीटर बिघडला म्हणून तो प्रयोगशाळेत नेऊन तपासला. ठणठणीत. नवऱ्याला विचारलं, "उरलेला चहा ओततोस का कुंडीत?" तो म्हणाला, "मी तर तिच्याजवळून जायलासुद्धा घाबरतो." दुसरी कळी गेली. तिसरी गेली. व्हिसाचे अठरा दिवस उरले होते, आणि मी झोपेतसुद्धा पानं मोजत होते. डोळे मिटले की सोफ्याऐवजी मांगराची पायरी आणि तिच्यावर पडलेले आबा दिसायचे.

पुढच्या गुरुवारी मी पाण्यातला क्षार मोजायचा मीटर घरी आणला. हे मला तीन आठवडे आधी सुचायला हवं होतं, पण पीएच मनासारखा आला की माणूस दुसरं काही मोजत नाही. इथली साप्ताहिक सुट्टी नुकतीच शुक्रवार-शनिवार झाली होती, दोन दिवस हातात होते. शुक्रवारी सकाळी ताटलीतल्या पाण्यात मीटर बुडवला. आकडा बघून मी तो पुन्हा बुडवला. मग तिसऱ्यांदा. एवढा क्षार मी समुद्रालगतच्या बिघडलेल्या विहिरींत बघितला होता, कुंडीत कधी नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच खाली उतरून वॉचमनला गाठलं. "टंकी में खारा पानी डलवाते हो?" तो बिचारा देवळातून नुकताच आला होता, कपाळावर गंध. म्हणाला, "मॅडम, सबका पानी एक ही है. किसी ने बोला नहीं." मी वर आले, नळाचं पाणी मोजलं. स्वच्छ. बादलीतलं मोजलं. स्वच्छ. म्हणजे मीठ वाटेत कुठेच नव्हतं, कुंडीतच होतं.

आबा अंघोळीला गेले होते. मी ताटलीतलं पाणी वाटीत घेतलं, खिडकीशी धरलं. लालसर. ते लोहाचं, मी रोज स्वतःला सांगत होते तसं पुन्हा सांगितलं. आणि मग आठवलं की लोहाची पूड घालून दहा दिवस झाले.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, नमुना कधी चाखायचा नाही. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आंबट. खारट. आमच्या चुलीपुढची चव. मी स्वयंपाकघरात जाऊन फडताळ उघडलं. आगळाची एक बाटली रिकामी होती, दुसरी तळाला गेलेली. महिनाभरात मी सोलकढी केली होती दोनदा.

आबा बाहेर आले तेव्हा मी ती बाटली हातात धरून हॉलमध्ये उभी होते. मला हसूही येत होतं. वाटलं, बिचाऱ्यांनी झाडाला आंबट हवं म्हणून आगळ घातलं. माझी भाषणं ऐकून घातलं. चूक माझीच.

"आबा, अहो, यात मीठ असतं ना. मुठीमुठीने असतं. झाड मरेल की!"

ते सोफ्यावर बसले. या खेपेला कडेला नाही, मागे टेकून. ओले केस पंच्याने पुसत राहिले.

"पयल्या आठवड्यात बरा व्हवचा म्हणान घातलंय," म्हणाले. "मगे टोका करपली. तेवा माका कळला."

"मग?"

"तरी घालीत रवलंय."

मी बाटली खाली ठेवली.

"खाऱ्या पाण्यान काय व्हता ता माका म्हायत नाय काय गो?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जल्मभर बांध घातलंय मी. पण तू सकाळ-सांज त्या कुंडीफुडे बसतंस. तुझ्या तोंडार 'नाय' म्हणूक माका जमाक नाय."

मला भयंकर राग आला. ओरडावंसं वाटलं, आईचं झाड हो ते! पायरीवर चार तास पडून होतात, विसरलात? पुन्हा पडलात तर मला कोण सांगणार, दूधवाली? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. शाळेत चोरी पकडल्यासारखे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. माझे आबा, ज्यांनी कुणाच्या बागेतली फांदीही न विचारता मोडली नाही.

मी कुंडी उचलली आणि बाथरूममध्ये नेली. मीठ धुवून काढायचं तर एकच उपाय, भरपूर स्वच्छ पाणी, पुन्हा पुन्हा निथळू द्यायचं. मी शॉवर सोडला. मला दिसत नव्हतं नीट. मागून आबा आले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून खाली बसले आणि माझ्या हातातून शॉवर काढून घेतला.

"हळू," म्हणाले. "मुळां उघडी पडतली."

त्यांनी एका हाताने खोड धरलं, दुसऱ्या हाताने पाण्याची धार बोटांवर घेऊन मातीवर सोडली. तास तरी गेला असेल. मी अधूनमधून निथळलेलं पाणी मोजत होते आणि आकडा मोठ्याने सांगत होते. ते "हूं" म्हणत होते. आकडा उतरत होता. तीन कळ्या अजून होत्या.

"त्या दूधवालीचा नंबर मला द्या," मी शेवटी म्हणाले. "आणि शेजाऱ्यांचा. रोज सकाळी सातला फोन करीन. उचलला नाहीत तर सगळा गाव दारात उभा करीन, सांगून ठेवते."

आबांनी मान डोलावली. शॉवर बंद केला.

"तिकीट काढते," मी म्हणाले.

दुपारी जेवायला बसलो. नवरा आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. आबांनी ताटातला भात संपवला. मग त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले, "गो, भात आसा काय आणखी?"

मी भात आणायला आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाही.