नवस फिटल्यावरची सुई

बायकोच्या छातीतली गाठ हाताला लागत नव्हती. सोनोग्राफीतही धड दिसत नव्हती. एमआरआयमध्ये मात्र ती नऊ मिलिमीटर भरली. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीवर अंदाज घेऊन सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट आला, साधी चरबी.

डॉक्टर स्पष्ट बोलले, "सुई गाठीतच गेली असं मी खात्रीनं सांगणार नाही. एमआरआयच्या मशीनवर पुन्हा करून घ्या. पुण्यात सोय आहे."

घरी येऊन मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. आईनं पहिली तेवढी ऐकली. रविवारी सगळ्यांना घेऊन ती जोतिबावर गेली, गुलाल-खोबरं उधळलं, गाठ साधी निघावी म्हणून बोललेला नवस फेडला. त्यानंतर पुण्याचं नाव काढायची सोय उरली नाही.

"नवस फिटलाय की. आता परत तपासायचं म्हंजे देवाला खोटं पाडायचं व्हय?"

"आई, गाठीतला तुकडा आलाच नाही."

"आत बघून आलास काय रं तू?"

आत बघणारं मशीन पुण्यात होतं, हेच तर मी सांगत होतो. शेवटी बायकोच सासूची बाजू घेत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आत्तींच्या जिवाला लागलंय. दिवाळी झाल्यावर जाऊ."

दिवाळी झाल्यावर गेलो. तिला पालथं झोपवून छाती पट्ट्यांमध्ये धरली, शिरेतून औषध सोडून फोटो काढले. त्यावरून जागा आणि खोली मोजली. टेबल बाहेर ओढून सुई घातली, पुन्हा आत नेऊन ती गाठीतच आहे हे पाहिलं, मगच तुकडे घेतले. आधी माप, मग सुई, मग पडताळा. मला ते काम पटलं. गाठ आता चौदा मिलिमीटर होती.

कॅन्सर निघाला. रिपोर्ट मी घरी वाचून दाखवला. आई देव्हाऱ्यासमोर बसली होती.

"तुमी दोघांनी शंका काढली, म्हणून निघालं. तवा नव्हतं."

माझ्या आधी बायको बोलली, अगदी हळू. "आत्ती, तवाबी होतं. सुई आत्ता पोचली."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई नवा नवस बोलली, पहिल्यापेक्षा मोठा. मी एवढंच विचारलं, "हा कधी फेडायचा, ते डॉक्टरांना विचारून ठरवूया का?"

अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही.