रायपुरात जळालेला क्लच

नागपूरहून रायपूरला मी सकाळच्या रेल्वेने निघाले, ती परतताना मोटार चालवत येण्यासाठी. बाबांचे जुने मित्र वसंतकाका आपली दोनशे अश्वशक्तीची, हाताने गिअर बदलायची गाडी विकणार होते. आजची ऑटोमॅटिक गाडी माणसापेक्षा लवकर आणि अचूक गिअर बदलते, हे यंत्र अभियांत्रिकी शिकल्यामुळे मला ठाऊक होते. तरीही मला हीच गाडी हवी होती. या विसंगतीचे स्पष्टीकरण मी वाटेत शोधत राहिले. राजनांदगाव आले, तरी ते सापडले नाही.

शंकर नगरातल्या घरी काकूंनी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणी दिलेले लांबट मुटके) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी वाढली. काकांनी लगेच माझी परीक्षा सुरू केली. आधीच्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी चहाही न देता परत पाठवले होते, कारण दोघांनीही ‘ऑटोमॅटिक नाही का?’ असे विचारण्याचा अपराध केला होता.

“ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नाही वं, पाळणा आहे. बसा अन् झोपा,” काका म्हणाले. “ज्याले गिअर समजते, त्यालेच मी गाडी देईन.”

“यायले किती समजते, ते आधी पाहून घे,” काकू चटणी वाढत म्हणाल्या. “क्लचवरून पाय उचलाचं नावच नाही.”

“तू चटणी पाह्य,” काका म्हणाले.

प्रात्यक्षिक अर्थातच काकांनी द्यायचे होते. मी शेजारी बसले. तेलीबांध्याच्या तळ्याजवळ वाहनांची दाटी होती आणि काकांचा डावा पाय क्लचवर निवांत विसावला होता. असा पाय ठेवला की क्लच अर्धवट सुटलेला राहतो, घासतो आणि तापतो. इंजिन जितके ताकदवान, तितका लवकर. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला.

“काका, क्लचचा वास येतोय.”

“बाहेरून येऊन राहिला तो. मले शिकवतं का तू?”

नव्याने वसवलेल्या नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आणि मोकळे आहेत, की ते माणसांच्या आधी येऊन थांबले असावेत असे वाटते. तिथे काकांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गर्जले, फेऱ्यांचा काटा वर उडाला, वेग मात्र जागचा हलला नाही. एक सायकलस्वार आमच्याकडे कुतूहलाने पाहत पुढे निघून गेला. काकांनी आणखी जोरात दाबले. दोनशे घोडे एकाच जागी खिंकाळत राहिले.

कशीबशी सरपटत गाडी एका गॅरेजात पोहोचली. मिस्त्रीने तपासले आणि कपाळाला हात लावला.

“भैया, क्लच प्लेट तो पापड़ हो गई! चलाता कौन है इसको?”

काकांनी माझ्याकडे पाहिले, मग आकाशाकडे, आणि शांतपणे म्हणाले, “दीदी सीख रही हैं.”

मी अजून स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. दुसऱ्याच्या आलेखातली चूक मी भर बैठकीत उभे राहून दाखवते. पण सत्य सांगितले असते, तर परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांच्या यादीत तिसरे नाव माझे लागले असते. गाडी हवी होती.

“दीदी, क्लच पे पैर रखके मत चलाया करो,” मिस्त्री समजावू लागला. “पावर वाली गाड़ी है. आप तो ऑटोमैटिक ले लो.”

“हव (हो),” मी म्हणाले.

काकांनी सहानुभूतीने मान हलवली. दुसऱ्या संध्याकाळी नवा क्लच बसला आणि काकांनी किल्ली आपणहून माझ्या हातात ठेवली. “तुले गिअर समजते,” ते म्हणाले. मी तोवर एकही गिअर बदलला नव्हता.

परतीच्या महामार्गावर ट्रकांच्या मागे रांगत डावा पाय भरून आला. मोकळा रस्ता मिळाल्यावर तिसऱ्यातून चौथ्यात गिअर पडला, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. मोजता येईल असा कोणताही फायदा त्यात नव्हता.

घरी बाबा फाटकातच उभे होते. काकांचा फोन माझ्या आधी पोहोचला होता.

“गेल्या गेल्या क्लच जाळला म्हणे तू?”

प्रयोगशाळेत एखादी गोष्ट सिद्ध करायला मला महिने लागतात. काकांना एक फोन पुरला. दुसऱ्या दिवशी बाबांनी ऑटोमॅटिक गाड्यांची माहितीपत्रके माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती बारकाईने वाचली. त्यांतला एकही मुद्दा मला खोडता आला नाही. मग किल्ली उचलली आणि कामावर गेले, सिग्नलसिग्नलला गिअर बदलत.