भूतबंगल्यातले डोळे
१९८४ साल, मी बेचाळीस वर्षांचा. डांबरगोळ्यांचा वास आला की ते साल अजून डोक्यात चढतं. अंधेरीत फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाच्या हॉलवर मी झाडलोट करायचो, लोक त्याला भूतबंगला म्हणायचे, साहेबांचे पांढऱ्या चामड्याचे एप्रन डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवायचो. दार लावून ते करायचे काय, तर पाठ केलेलं बोलायचे, मग मटण जेवायचे आणि गरिबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करून द्यायचे. देणाऱ्याचं नाव मात्र सांगायचं नाही, असा त्यांचा नियम, म्हणून मीही गप्प. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर शेजाऱ्यानं त्यांना जिन्यातच गाठलं, "हिचा बाप भूतबंगल्यात कामाला आहे ना, तिथे कवटीतून रक्त पितात." पाहुणे चहा न घेता उतरले, पोर जेवली नाही. आणि ह्या शेजाऱ्याच्याच आईचा मोतीबिंदू माझ्या साहेबांनी काढून दिलेला. डोळ्यांच्या कॅम्पला तिला मीच नेलं होतं, घरचे तो सरकारी समजून खूश. तेव्हा नियम मोडायचं ठरवलं, आणि ऐंशी ओलांडली तरी त्याचं मला वाईट वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळी चाळ उभी असताना मी म्हातारीला मोठ्यानं विचारलं, "मावशी, नीट दिसतं ना? मग मुलाला सांगा, हे डोळे भूतबंगल्यातूनच आलेत. परत करायचे असतील तर आत्ता द्या, मी कामावरच चाललोय."