बॉबिनकाकांची मादाम

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला बॉबिनकाका म्हणायला काही फार अक्कल लागत नाही. पण त्यांना हे नाव पडलं ते धंद्यावरून कमी आणि स्वभावावरून जास्त. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की दोरा गुंतल्यासारखे ते तिथल्या तिथे गरगरत राहायचे. समोर गिऱ्हाईक ताटकळो, वर काकूंनी वाढलेलं ताट गार होवो, गुंता सुटल्याशिवाय हे उठायचे नाहीत. चिंचोळं दुकान, मशीनच्या तेलाचा वास, भिंतीला बारक्या खणांचं लाकडी कपाट, मागच्या दाराबाहेर गटाराच्या कडेला एक गंजका ड्रम आणि वर दोन खोल्या. एवढ्यात त्यांचा सगळा संसार होता.

जुन्या मशीनचे पार्ट आता मिळतात कुठे? काका ते परदेशातून मागवायचे. तिथल्या व्यापाऱ्यांशी फोनवर वाद घालून घालून त्यांची भाषाही कामापुरती, म्हणजे मुख्यतः भांडणापुरती, तयार झाली होती. या धंद्याने त्यांना एकच धडा दिला होता. नंबर बरोबर आहे म्हणून पार्ट बरोबर असतोच असं नाही. डबीवर नाव एक आणि आत वस्तू भलतीच. बसवायला गेलं की कळतं. तर असा हा माणूस साठी उलटल्यावर परदेशातून गुलाब मागवायला निघाला, म्हटल्यावर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

गुलाबही साधासुधा नव्हता. काकांचे वडील जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. कुठल्याशा बंदरातल्या नर्सरीतून ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी ते रोप आणलं आणि भाड्याच्या घराच्या दाराशी लावलं. रोपाला पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर ठोकून उठवलेली अक्षरं होती: मादाम ओर्वील. पुढे काका जेमतेम वर्षाचे होत होते तेव्हा वडील तापाने गेले. मागे एक फोटो राहिला, त्यातही टोपीच्या सावलीत तोंड दिसत नव्हतं. पोराच्या वाट्याला बाप म्हणून जे काही आलं ते दाराशी उभं होतं, काट्यांसकट. बाबा कुठे आहेत असं विचारलं की आई त्याला हाताला धरून बाहेर न्यायची आणि म्हणायची, हे बघ, हे बाबांनी आणलंय. पोर तिथेच बसकण मारून मादामशी गप्पा मारायचं.

मादाम फुलायची वर्षातून एकदाच, उन्हाळा लागताना. पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, पाच पाकळ्यांची बारकी बारकी फुलं, पण घोसच्या घोस. पंधरवडाभर कुंपण दिसायचं नाही. मग खेळ खल्लास, उरलेलं वर्ष नुसते काटे. शेजारीपाजारी चेष्टा करायचे. मादाम म्हणे मादाम! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्यावरून काकांनी शाळेत मारामाऱ्या केल्या, एकदा नाक फोडून घेतलं. बाबांच्या गुलाबाला नावं ठेवतात, असं ते रडत रडत सांगू लागले तेव्हा आईने नाक पुसलं खरं, पण मग पोरापेक्षा जास्त वेळ तीच रडत बसली.

पुढे आई गेली आणि भाड्याचं घर सोडावं लागलं. आठवड्याभरात येऊन रोप खणून नेतो, असं घरमालकाला बजावून काका आले आणि नेमके पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. उठून जाऊन बघतात तर दाराशी गाडी लावायला सिमेंट ओतलेलं. त्या दिवशी ते घरी आले, पायातल्या चपला तशाच ठेवून खुर्चीत बसले आणि काकूंना म्हणाले, "बाबा आज गेले." काकू आधी चरकल्या, मग काय ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

तेव्हापासून मादामचा शोध सुरू झाला. असले जुने वाण आता कोण ठेवतो? पण काही वेडे ठेवतात, आणि काकांनी ते हुडकून काढले. पहिल्या नर्सरीने छातीवर हात ठेवून सांगितलं की आमची मादाम अस्सल आहे, नावाबरहुकूम. रोप आलं ते ओल्या शेवाळात गुंडाळून, सोबत त्याच्या तब्येतीचा सरकारी दाखला. माणसाला कोणी विचारत नाही आणि काठीला दाखला, अशी काकांची कुरकुर. तरी दुकानाच्या पुढच्या पायरीशी त्यांनी ते मोठ्या कुंडीत लावलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, आणि वर्षभराने त्याला फूल आलं.

फूल पाहून काकांचं तोंड एवढंसं झालं. काळपट लाल, वाटीएवढं, पाकळ्यांवर पाकळ्या. वास तर असा की दुकानातला तेलाचा वास मागे पडला. नेमकी त्याच दिवशी आक्का आली होती. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी, बसने चार स्टॉप पलीकडे एकटी राहणारी. तिने पायरीशी वाकून फूल नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हाच रे. अगदी हाच."

काका उखडले. एक तर मन खट्टू झालेलं, त्यात ही. आक्का, तू लग्न करून लवकर गेलीस, त्या दारात तुझ्यापेक्षा जास्त वर्षं मी काढलीत, बाबांचा गुलाब मला माहीत की तुला, असं नको तेवढं ते बोलून गेले. आक्का काहीतरी बोलणार असं वाटलं, पण मग म्हणाली, असेल बाबा, म्हातारपणी वासांची सरमिसळ होते. आणि चहा मागितला. ते रोप काकांनी दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला देऊन टाकलं.

दुसऱ्या देशातल्या नर्सरीकडून दुसरी मादाम आली. तीही काळपट लाल. तिसरीकडून तिसरी आली. तीही तशीच. आता तुम्ही-आम्ही म्हणू, तीन देशांतली तीन माणसं एकच फूल पाठवतात, तर चूक कदाचित आपली असेल. काका तसे म्हणणाऱ्यातले नव्हते. त्यांच्या मते तिघं एकाच माळेचे मणी. एकाने चुकीचा माल उचलला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून नेला. पार्टच्या धंद्यात त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या नर्सरीची मालकीण म्हातारी होती आणि तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. फोनवर दोघांची अशी जुंपली की समोरच्या शिंप्याने दुकानातून डोकं बाहेर काढून पाहिलं. फोन ठेवून काकांनी रोप उचललं, मागच्या दाराबाहेरच्या ड्रममध्ये खुपसलं आणि त्याचं तोंड पाहायचं सोडून दिलं. काकू म्हणाल्या, अहो, त्या रोपाने काय घोडं मारलंय? पण ऐकतो कोण.

त्या वर्षी थंडी फार कडक पडली. ड्रममधलं रोप वाळून कोळ झालं. पुढचा उन्हाळा लागला तरी काकांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका सकाळी काकू ओली फडकी वाळत घालायला मागे गेल्या आणि तिथूनच त्यांनी अहो म्हणून हाक मारली. काका हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन तसेच बाहेर आले. ड्रमवरून गटारावर झुकलेली लांब फांदी होती आणि फांदीभर पांढरी, किंचित गुलाबी, पाच पाकळ्यांची बारकी फुलं, घोसच्या घोस.

काका ड्रमला धरून उभे राहिले. सहा वर्षांचं पोर होऊन ते त्या जुन्या दाराशी जाऊन पोचले होते. आतून आईच्या भांड्यांचा आवाज येतोय, शेजारी चेष्टा करतायत आणि आपण गुडघ्यात डोकं घालून मादामला काहीबाही सांगतोय. ते एवढंच म्हणाले, "अगं, बाबा आले." काकूंनी पदराने डोळे टिपले.

मग काकांनी मोठ्या मनाने त्या भांडकुदळ म्हातारीला फोन लावला. म्हणाले, बाई, माफ करा, तुमचं रोप खरं निघालं, फक्त उशिरा वळणावर आलं. म्हातारीने फुलाचं वर्णन नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, फांदी कुठून फुटली आहे, बुंध्याच्या गाठीच्या वरून की मातीतून? काकांनी फोन ड्रमच्या कडेवर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरने माती उकरली. गाठ काळी ठिक्कर पडून मेली होती. फांदी तिच्या खालून, मुळाशी फुटली होती.

हे ऐकून म्हातारी हसली, पण चांगलं हसली. तिने सांगितलं की असले नाजूक गुलाब स्वतःच्या मुळांवर तग धरत नाहीत. म्हणून रानगुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात; ती गाठ म्हणजे तो जोड. वर मादाम आणि खाली रानटी खुंट. थंडीने वरचं मेलं की खुंट फुटतो. हाच खुंट आमच्याकडे शंभर वर्षांपासून वापरतात आणि निम्मं जग मेलेल्या गुलाबाच्या नावाने खुंटालाच पाणी घालत असतं. तुमची मादाम गेली, दादा. दुसरी पाठवू का?

काकांनी फोन कधी ठेवला ते त्यांना कळलं नाही. गुंता सोडवायची सवय असलेलं डोकं; दोरा आपसूक मागे मागे ओढला गेला. ही जर मादाम नव्हे, तर जुन्या दाराशी होती तीही मादाम नव्हे. मग मादाम होती तरी कधी, आणि गेली कधी? विचारायला आता जगात एकच माणूस उरलं होतं. त्यांनी एक घोस तोडला, भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि बस पकडली.

आक्का स्वयंपाकघरात मटार सोलत होती. काकांनी घोस तिच्यापुढे टेबलावर ठेवला. तिने तो उचलला, ओळखीचं कोणी भेटावं तशी हसली आणि विचारलं की हा कुठे सापडला. काका बसलेसुद्धा नाहीत.

"आक्का, आपली मादाम कधी मेली?"

आक्काचा हात शेंगेवर थांबला. मग म्हणाली, "बाबा गेले त्याच थंडीत."

मग तिने सगळं सांगितलं. त्या थंडीत रोपावर पेंढा घालायची शुद्ध कोणाला होती? वरचं सगळं मेलं. उन्हाळ्यात मुळाशी हे असलं काहीतरी फुटलं, तेव्हा आईने ओळखलं आणि उपटून टाकायला कुदळ घेऊन ती बाहेर गेली. पण हा धाकटा तिथे धुळीत खेळत बसला होता. आई कुदळ ठेवून परत आली. मुळं तर त्यांनीच आणलीत, म्हणाली. आणि आक्काला जवळ घेऊन बजावलं की याला यातलं काही कळता कामा नये, याच्याजवळ बापाचं दुसरं काय आहे? आक्का तेव्हा बारा वर्षांची होती. तिने तोंड शिवलं ते शिवलंच. फक्त त्या दिवशी पायरीशी, खरं फूल एकदम नाकापाशी आलं आणि तिच्या तोंडून निसटलं.

"आणि मी तुला वाट्टेल ते बोललो. तू ऐकून घेतलंस."

"मग काय करू? सांगितलं असतं तर तुझ्याकडे उरलं काय असतं?"

काका खुर्चीत बसले. साठी उलटलेला माणूस, ओंजळीत तोंड घालून रडला. म्हणजे बाबांचं फूल मी कधी पाहिलंच नाही, म्हणाले. तीनदा दाराशी चालत आलं आणि तीनदा मीच हाकलून दिलं.

आक्काने त्यांना रडू दिलं. मग मटाराची परात बाजूला सारून ती म्हणाली, "पाहिलं नाहीस कसं? खाल्लंयस तू ते."

काकांनी मान वर केली.

"सात महिन्यांचा होतास. बाबा सुट्टीवर आले होते. तुला कडेवर घेतलं, सगळ्यांत मोठं फूल तोडलं आणि वास घे म्हणून तुझ्या नाकाशी धरलं. तू अख्खं तोंडात कोंबलंस. आई किंचाळली. बाबांनी बोट घालून पाकळ्या काढल्या, तर तू त्यांचं बोट चावलंस."

ही गोष्ट आक्काने आजवर कोणालाच सांगितली नव्हती. सांगायची तर त्या फुलाचं सांगावं लागलं असतं, पोराचं तोंड भरेल एवढ्या फुलाचं.

"मग?" काकांनी विचारलं. "चिडले?"

"छे रे. हसले. भिंतीला टेकून हसले. मादाम गिळली पोराने, म्हणाले, आता मला खातोय. संध्याकाळपर्यंत भेटेल त्याला बोट दाखवत हिंडत होते."

"कुठलं बोट?"

आक्काने आपल्या उजव्या हाताचं, मटार सोलून हिरवं झालेलं पहिलं बोट वर केलं. काकांनी ते आपल्या तेलकट मुठीत धरलं.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."