कॅम्पात जाऊन आलेला मास्तर

हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. माझं लग्न कसं मोडलं ते सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोकणात फोंडाघाटजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. मी देशावरचा, अविवाहित, घरमालक तातूच्या घरात एक भाड्याची खोली. शाळा सुटली की बोलायला कोण? स्टो! तो निदान फुरफुरायचा तरी.

रविवारी गावावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भटकायचो. तिथे जांभ्याचे चौथरे होते, गोळीबार शिकायची चांदमारीची भिंत होती. हेडमास्तर म्हणाले, महायुद्धात इथे पलटणीचा कॅम्प होता. आता लोक तेच दगड गोठ्याला नेत होते. मनात आलं, कॅम्प पाहिलेली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्या आठवणी टिपून ठेवू. आणि खरं सांगू का? त्या निमित्ताने कुणी दोन शब्द बोललं असतं.

पहिला गेलो भिकाजी आजोबांकडे. म्हटलं, "आजोबा, कॅम्पाचं बोलायचं होतं."

म्हातारा पांढराफटक! "मास्तरांनू, नातवंडा झाली माका. आता कित्याक कॅम्पात व्हरतास?"

मला वाटलं, चढ चढायला घाबरतात. "अहो, काही त्रास नाही! परवाच मी जाऊन आलो. दुपारी गेलो, संध्याकाळी चालत घरी. इतकं मोकळं वाटलं!"

"तुमी? तुमचा तर लगीनय जावक नाय!"

"लग्नाचा काय संबंध? एकट्यानेच करायचं काम आहे हे!"

दुसऱ्या दिवसापासून मी दिसलो की दारं धडाधड बंद. बायका पदरात तोंड लपवायच्या. वर्गात सांगितलं, "घरी सांगा, मास्तर कॅम्पासाठी येणार," तर निम्मा वर्ग गायब! कुणी चहालाही बोलवेना. भिंतीशी बोलायची वेळ आली, तेही चांदमारीच्या.

अशात हेडमास्तरांनी वालावलचं स्थळ आणलं. मुलीचे वडील घर बघायला येणार म्हणून मी नवी चादर घातली, पोहे केले, खिडकीत बसलो. गृहस्थ आले, अंगणात तातूशी बोलले, पाणी प्यायले आणि आल्या पावली एसटी गाठली!

मी धावलो. "तातू, काय झालं?"

तातूच्या डोळ्यांत पाणी. "तुमचो सभाव बरो, नोकरी बरी, सगळा सांगलंय. पण चेडवाच्या बापाशीक फसवूक मन होयना. सांगान टाकलंय, मास्तर कॅम्पात जावन इले."

"मग? इतिहासाचं काय वावडं त्यांना?"

"इतिहास खंयचो? नसबंदीचो कॅम्प ना तो?"

तेव्हा मास्तरांना नसबंदीसाठी माणसं गोळा करायचं सरकारी काम असायचं; गाव दारं का लावतं ते आत्ता डोक्यात शिरलं. खुलासा ऐकून तातू हसून हसून लोळला. संध्याकाळी अंगण माणसांनी भरलं. भिकाजी आजोबांनी गोऱ्या साहेबाची कवायत करून दाखवली, आणि भिंतीचा दगड कुणी हलवायचा नाही असं गावानेच ठरवलं. इतकी माणसं माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती!

त्याच जोरावर सकाळी वालावल गाठलं. मुलीच्या वडिलांना सगळं सांगितलं. सड्यावरचे चौथरे, दर रविवार, सगळं.

"मास्तर," ते म्हणाले, "नसबंदीचं कळलं तेव्हा मला दयाच आली. वाटलं, सरकारी नोकर, वरून जबरदस्ती झाली असेल. पण हौसेने? कुणी न सांगता? दर रविवारी दगड बघायला? अशा माणसाला मुलगी कशी देऊ?"