चोचीचं विमान

मामा विमानाजवळ कधी समोरून जात नसत. बुजऱ्या बैलाजवळ जावं तसे लांबून वळसा घालून, बाजूनं जायचे. हवाई दलात फिटर होते. निवृत्तीनंतर कुंडलला ऊस लावला, पण जीव अडकला होता शिरवळजवळच्या एका जुन्या विमानात. गिऱ्हाईक थांबावं म्हणून एका हॉटेलवाल्यानं ते हमरस्त्यालगत आणून ठेवलं होतं.

मूळचं ते प्रवासी विमान. पुढं कुणीतरी कसल्याशा यंत्राच्या चाचणीसाठी त्याच्या तोंडाला पुरुषभर लांब चोच बसवलेली. पुण्याहून कॅमेरे घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना मामा दटावायचे, "पंखं काय बघताय? पंखं समद्यांस्नीच असत्यात. चोच बघा!" त्या चोचीत नेमकं काय असेल, यावर आम्ही मामा-भाचे चहा निवेपर्यंत भांडायचो.

खंडेनवमीला ते साताऱ्याला माझ्याकडं येत आणि आम्ही एसटीनं शिरवळ गाठत असू. चोचीला घरच्या झेंडूचा हार घालायचा मान त्यांचा, नारळ फोडायचा माझा. "आपल्या दोघांचं हाय रं हे, गड्या," ते म्हणायचे.

एका वर्षी गेलो, तर चोच नव्हती. तिथं हॉटेलची पाटी ठोकलेली. मालक म्हणाला, "गाड्या लावायला अडचण व्हायची. भंगारात दिली." मी त्याला नाही नाही ते बोललो. मामा मटकन खाली बसले, उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "गेलं गड्या आपलं विमान." परतीच्या एसटीत मी त्यांचा हात धरून बसलो होतो.

पुन्हा आम्ही शिरवळला गेलो नाही. खंडेनवमीला मात्र त्यांचा फोन यायचा. "आज लय आठवण आली रं चोचीची."

गेल्या महिन्यात मामा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर पेंडीचं पोतं काढायला मामीनं मला मळ्यातली खोली उघडायला लावली. आत पाचटावर चोच होती. तिच्यावर झेंडूचे वाळके हार, एकावर एक.

"तुला म्हाईत न्हवतं व्हय?" मामी दारातच थबकली. "त्यांनीच तर कापून आणली. हाटेलवाल्याला गप ऱ्हा म्हनले व्हते."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हनायचे, भाच्याला कळलं तर वाटणी मागंल."

मी पोतं उचललं. उंबऱ्याशी करवंट्या पडल्या होत्या. नारळही तेच फोडत होते.